पायविहिरीचं रान

परतवाड्यात लाकडाचे दोन बाजार होते. एक वनखात्याच्या आगारात. तिथे सागाच्या थप्प्या ओळीनं लागलेल्या, प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा, शेजारी रंगानं लिहिलेली लांबी-गोलाई, आणि लिलावाच्या दिवशी गाड्या घेऊन आलेले लांबलांबचे व्यापारी. दुसरा बाजार पहाटे भरायचा आणि ऊन अंगावर यायच्या आत उठून जायचा. घाटाखालच्या गावांतल्या बायका रात्रीच निघून, डोक्यावर जळणाची मोळी घेऊन, चिखलदऱ्याच्या वाटेनं शहरात उतरायच्या. सौदा हलक्या आवाजात व्हायचा. गिऱ्हाईक चहाटपरीवाला असो की घरची गृहिणी, भाव तेच पाडणार, कारण मोळीवालीला परत फिरता येत नाही. वाटेत गार्ड भेटला तर मोळी गेली आणि वरून दंड.

मोळी विकणारीला आपण रान तोडतो हे कळत नव्हतं, असं समजायचं कारण नाही. ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण दर वर्षी जळणासाठी आणखी आत जावं लागायचं आणि ते अंतर तिचेच पाय मोजत होते. अडचण निराळीच होती. ती तोडत होती ते रान कागदावर तिचं नव्हतं, आणि जे आपलं नाही ते राखून ठेवलं तर उद्या दुसरा कुणीतरी तोडून नेणार, हा हिशेब तिला पक्का ठाऊक होता. हा हिशेब उलटा कसा झाला, त्याची ही गोष्ट. ती घडली अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर नावाच्या गावात आणि त्याच्या शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा या गावांत.

वऱ्हाडाचे जुने तीन भाग म्हणजे बालाघाट, पयानघाट आणि मेळघाट. पयानघाट म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन. मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला घाटांचा मेळा. अचलपूर-परतवाडा ही जोडगावं बरोब्बर या दोघांच्या सीमेवर बसलेली. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी, जुनं एलिचपूर. परतवाडा नंतरचं, हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीभोवती वाढलेलं. सपन आणि बिच्छन या नद्या डोंगरातून उतरून या गावांपाशी येतात, मात्र बिच्छनला पाणी कधी असतं हे विचारायचं नाही. पायविहीर हे गावही डोंगराच्या पायथ्याशी. नाव पाण्याचंच. जिच्यात पायऱ्यांनी उतरून जाता येतं ती पायविहीर. वस्ती कोरकूंची आणि गवळ्यांची.

कोरकूंची भाषा मराठीच्या नात्यातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची लांबची बहीण. मेळघाटातून वाहणाऱ्या सिपना नदीचं नाव त्या भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थ साग. ज्या झाडावर पुढे सरकारी हातोड्याचा ठसा उमटला, त्याचं नाव तिथल्या माणसांनी आधीच एका नदीला देऊन ठेवलं होतं.

1853 च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून 1867 मध्ये नागपूरला पोचली, आणि मेळघाटातलं सागवान सरकारनं राखीव केलं. रुळांखाली स्लीपर लागतात, स्लीपरला साग लागतो. 1886 मध्ये वऱ्हाडासाठी वेगळा वनकायदा आला आणि जंगलांची वर्गवारी झाली. ‘अ’ वर्ग इमारती लाकडाचा, ‘ब’ गवताच्या रमण्यांचा, ‘क’ चराईचा. अक्षरं लावण्याची ती सवय इतकी मुरली की वऱ्हाडात आजही गावचरणाच्या जमिनीला कुणी गायरान म्हणत नाही, ‘ई-क्लास’ म्हणतात. ज्याला इंग्रजीचा गंध नाही असा म्हाताराही सांगतो, ‘ढोरं ई-क्लासात नेली.’

कोरकूंची फिरती शेती या कायद्यात बसत नव्हती. ती बंद झाली. रानातल्या वस्त्या उरल्या, पण वनखात्याला मजूर पुरवणाऱ्या वस्त्या म्हणून. वाट काढायची, जाळरेषा साफ करायची, कूप म्हणजे तोडीला काढलेला पट्टा तोडायचा, ते यांनीच. रान कोरकूंच्या हातांनी राखलं गेलं आणि तोडलंही गेलं, पण राखायचं की तोडायचं हे ठरवायला त्यांना कुणी बसवलं नाही. स्वातंत्र्यानंतर यात फार फरक पडला नाही. झेंडा बदलला, कक्ष क्रमांक तेच राहिले.

तेंदूपत्त्याचं उदाहरण घेण्याजोगं आहे. 1969 च्या कायद्यानं महाराष्ट्रात या पानांचा व्यापार सरकारच्या हाती गेला. सरकार युनिटं पाडून लिलाव करतं, कंत्राटदार ती घेतो, आणि मे महिन्यातल्या उन्हात गावकरी पानं तोडून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर आणतात. 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी पुड्यावर. पालवी कोवळी, जोमदार यावी म्हणून हंगामाआधी रानाला आग लागायची. ती कोण लावतं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि पंचनाम्यात मात्र ‘अज्ञात इसम’ असायचा. आग विझवायला गावकऱ्यानं का धावावं? पानाला त्याचा दर नव्हता, झाडाला त्याचं नाव नव्हतं.

वर डोंगरात दरम्यान दुसराच इतिहास घडत होता. फेब्रुवारी 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सुरुवातीचं क्षेत्र सुमारे 1,571 चौरस किलोमीटर. पुढे अभयारण्य झालं, गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानं वाघ वाचला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. शंभरावर वर्षं कुणाच्या दृष्टीस न पडलेला रानपिंगळा 1997 मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला, आणि नंतर त्याची सर्वांत मोठी वस्ती मेळघाटातच आहे असं दिसून आलं. राखलेलं रान नसतं तर तो कुठे असता? अमरावतीत किशोर रिठे आणि त्यांच्या सोबतच्या तरुणांनी निसर्गसंवर्धनाची चळवळ उभी केली. वाघांच्या रानात येऊ घातलेल्या धरणांवर, रस्त्यांवर त्यांनी लक्ष ठेवलं. अकोला-खंडवा हा जुना मीटरगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जायचा. तो रुंद करताना जंगलाबाहेरून न्यावा ही मागणी निसर्गप्रेमींनी वर्षानुवर्षं लावून धरली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारनंही तीच भूमिका घेतली.

पण या इतिहासाला दुसरी बाजू होती. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. त्याच डोंगरात वाघांसाठी गावं उठवायची चर्चा सुरू होती. शतक उलटताना बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावं आतून काढून अकोला जिल्ह्यात, अकोटकडे वसवली गेली. 2010 नंतर, कुटुंबामागे दहा लाखांच्या योजनेत, आणखी गावं निघाली. काही ठिकाणी माणसं खरोखर सुखी झाली. रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला, आणि तसं सांगणारे लोक मी ऐकले आहेत. काही ठिकाणी मात्र झालं नाही. जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसित गावांतले लोक ‘कबूल केलेलं मिळालं नाही’ म्हणत जुन्या गावठाणांवर परतले, आणि वनकर्मचारी-पोलिसांशी त्यांची झटापट झाली. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. वाघ आणि माणूस अशी ती लढाई नव्हतीच. ज्यांचं घर गेलं ते एकीकडे, ज्यांना हुकूम आला ते दुसरीकडे, आणि ज्यांनी शब्द दिला होता ते त्या दिवशी रानात नव्हते.

या झटापटीच्या कितीतरी आधी परतवाड्यात ‘खोज’ ही संस्था उभी राहिली ती बालमृत्यूंच्या पार्श्वभूमीवर. पूर्णिमा उपाध्याय आणि बंड्या साने हे तिचे चेहरे. कुपोषणाचा प्रश्न त्यांनी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेला. रोजगार हमीची थकलेली मजुरी, रेशन, आरोग्य केंद्रातला नसलेला डॉक्टर, असल्या कामांत पाय रोवले. संवर्धनाची संस्था म्हणून तिला कुणी ओळखलं नसतं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. पायविहिरीचं रान झाडांवरच्या प्रेमातून सुरू झालं नाही. ते सुरू झालं मजुरीच्या चिठ्ठीतून, स्थलांतरातून, पोटातून.

डिसेंबर 2006 मध्ये वनहक्क कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, 1 जानेवारी 2008 पासून तो नियमांसह लागू झाला. त्यात वैयक्तिक हक्क होते, म्हणजे कसत असलेली जमीन नावावर करून घेणं. बहुतेक गावांनी तेच मागितलं. साहजिक आहे, सातबारा सगळ्यांना कळतो. पण त्याच कायद्यात एक लहानसं पोटकलम होतं. ज्या रानाचं गाव परंपरेनं रक्षण करत आलं आहे, त्याचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाचा. इथे वाटणी नाही, सातबाऱ्याचा तुकडा नाही. सगळं गाव मिळून एक रान. ऑगस्ट 2009 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना देशात पहिल्यांदा असा सामूहिक हक्क मिळाला. पण कागद मिळूनही मेंढ्याला आपलाच बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं. कायदा आहे म्हणून काही होत नाही, हे ज्यांना अजून शिकायचं असेल त्यांनी ती दोन वर्षं वाचावीत.

पायविहिरीचं रान मेंढ्यासारखं नव्हतं. मेंढ्याजवळ बांबूचं दाट जंगल होतं, राखायला आणि विकायलाही. इथे डोंगराचा उघडा उतार होता. सागाची खुंटं, रायमुनियाची झुडपं, पावसाळ्यात खाली वाहत येणारी माती. फुकट दिलं असतं तरी कुणी घेतलं नसतं असं रान. त्या अर्थानं हा प्रयोग अधिक अवघड होता, आणि मेंढ्याची गोष्ट सांगताना लोक हा फरक विसरतात.

दाव्याची पद्धत अशी. आधी ग्रामसभा, तिच्यातून वनहक्क समिती. मग पुरावे. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या वनवापराची जुनी नोंद, असेल तर ते, जुने नकाशे, आणि नसेल तर वडीलधाऱ्यांचं निवेदन. कायद्यानं म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी सांगण्याला पुरावा म्हटलं, ही गोष्ट वनखात्याच्या दीडशे वर्षांच्या दफ्तरात नवीच होती. मग स्थळपाहणी. गावकरी, समिती, वनरक्षक, तलाठी यांनी मिळून शिवेवरून चालायचं. इथपर्यंत आपलं, तो ओढा त्यांचा. हा दगड, ते मोहाचं खोड, अमुक देवाचं ठिकाण. खात्याच्या नकाशात कक्ष क्रमांक असतात आणि गावाच्या डोक्यातल्या नकाशात ओढे, टेकाडं, देव. दोन नकाशे एकमेकांवर बसवायचे. ते बसले की प्रस्ताव उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. प्रत्येक पायरीवर कागद परत येऊ शकतो, आणि येतोच.

गवळ्यांचं गाडं आणखी एका ठिकाणी अडत होतं. ते अनुसूचित जमातीत नाहीत. वैयक्तिक हक्कासाठी अशा पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. 1930 चा कागद घरात सांभाळून ठेवणारा गवळी कुठून आणायचा? सामूहिक दाव्यात मात्र कोरकू आणि गवळी एकाच ग्रामसभेचे सभासद. ज्या रानात म्हशी चारायच्या त्याच रानावर दोघांचा एक कागद. एरवी गावात या दोन समाजांची चूल वेगळी, भाषा वेगळी. कागदानं त्यांना एकत्र बसवलं असं मी म्हणणार नाही, पण एकत्र बसण्याचं कारण त्यानं दिलं.

2012 मध्ये पायविहिरीला हक्क मिळाला. दोनशे हेक्टरच्या आतलं क्षेत्र. शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा या गावांनाही.

आणि खरं काम इथून पुढे. ग्रामसभेनं ठरवलेले नियम ऐकले तर नवीन काही नाही. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, पाळीनं राखण. महाराष्ट्रातल्या निम्म्या आदर्श गावांच्या फलकावर हेच लिहिलेलं असतं. नवीन होतं ते हे की नियम मोडणाऱ्याला पकडणारा आणि नियम करणारा एकच होता. ज्या बाईनं काल मोळी विकली, तीच आज पाळीवर. रानात कोण कधी आणि कुठून शिरतं हे तिला सांगायला गार्ड नको होता. चराईबंदीचा भार गवळ्यांच्या म्हशींवर आणि घरोघरच्या शेळ्यांवर पडला, आणि शेळी हे गरिबाचं पासबुक असतं. म्हणून बंदी म्हणताच पहिला प्रश्न ‘मग चारायचं कुठे?’ हा असतो. त्याचं उत्तर ज्या गावाला सापडत नाही, तिथला फलक पुढच्या पावसाळ्यात गळून पडतो.

पैसा आला तो मुख्यतः रोजगार हमीतून, आणि मला वाटतं यातच शहाणपण होतं. त्यासाठी वेगळा प्रकल्प, वेगळी देणगी लागली नाही. समतल चर खणायचे, नाल्यात दगडी बांध घालायचे, सीताफळ, आवळा, बांबू लावायचा, आणि त्याची मजुरी ज्यांचं रान त्यांनाच. पूर्वी हेच हात दसरा-दिवाळीनंतर कामाच्या शोधात परजिल्ह्यात जायचे. आता काम गावालगतच्या उतारावर होतं. चर खणताना माती खालच्या अंगाला टाकायची, म्हणजे वरून येणारं पाणी चरातच थांबतं. हे सांगायला इंजिनिअर लागतो. पण कुठला चर पहिल्या पावसात फुटणार, हे उतारावर वाढलेल्या माणसाला विचारावं. रान राखलं की सागाचे खुंट आपोआप फुटतात. नव्या झाडांपेक्षा जुन्या मुळांनीच अधिक काम केलं असावं, असं ते उतार पाहताना वाटतं.

तेंदूचंही गणित फिरलं. हक्काच्या रानातली पानं आता ग्रामसभा स्वतः विकू शकते. मजुरी मिळते आणि वरचा नफाही गावाच्या खात्यात येतो. त्यानंतर हंगामाआधीची आग म्हणजे आपल्या दुकानाला लागलेली आग. पंचनाम्यातला ‘अज्ञात इसम’ आता गावात आणि शिवेवर सगळ्यांच्या नजरेत असतो.

2014 मध्ये पायविहिरीला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम मिळून देतात तो. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. पुरस्कार ज्या समितीच्या नावावर नोंदला गेला तिचं नाव आहे ‘ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती’. नावात ना वन, ना वाघ, ना जैवविविधता. ते नाव पुकारताना कुणाला वाटलं असेल की यादीत चूक झाली आहे. पण शासनाच्या कुठल्यातरी आदेशानं जन्मलेली, बहुतेक गावांत फक्त खातं उघडण्यापुरती असणारी ही समिती इथे सगळ्यांच्या ओळखीची होती. रान, पाणी, पोट आणि ताप हे चार विषय वेगळे आहेत असं फक्त मंत्रालयाच्या मजल्यांवर वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नये. हक्क मिळालेल्या गावाच्या शेजारी हक्क न मिळालेलं गाव असतं, आणि त्यालाही जळण लागतं. शिवाय कायद्यावरच टांगती तलवार होती. काही निसर्गसंस्थांनी त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. 13 फेब्रुवारी 2019 ला ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना रानाबाहेर काढण्याचा आदेश निघाला, आणि देशभर ओरड झाल्यावर 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस मेळघाटच्या पायथ्याशी फार वाईट गेले. वाघ वाचवणारे आणि हक्क मागणारे एकमेकांकडे संशयानं पाहतात ते तेव्हापासून नव्हे, पण तेव्हा ते उघड झालं. माझं मत विचाराल तर दोघांचाही एकेक डोळा मिटलेला आहे. ज्यांनी आतली गावं हलवली त्यांना पायथ्याची गावं दिसली नाहीत. वाघ डोंगरावर वाढतो, पण त्याचं रान खालून झिजतं, त्या उतारांवर, जिथे मोळी बांधली जाते. पायथ्याच्या गावानं आपला उतार राखला तर वरच्या वाघाचं अंगण रुंदावतं. आणि हक्क मागणारे कधीकधी असं बोलतात की कागद मिळाला म्हणजे झालं. पायविहिरीत कागदानंतर खणलेले चर कुणी मोजले?

ऑक्टोबरात गेलात तर सीताफळाचा हंगाम लागलेला असतो. गावाची फळं ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं खोक्यांतून विकली जातात. निवडणं बायकांकडे. सीताफळाला डोळे असतात असं आपण म्हणतो. हिरव्या खवल्यांच्या मधली शीर पांढुरकी-पिवळी होऊन रुंदावली की फळाचे डोळे उघडले. डोळे मिटलेलं फळ तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगड होतं. पुरते उघडले तर खोक्यात फुटतं. नुकते किलकिले झालेत अशा फळाला देठ ठेवून तोडायचं, हातात तोलायचं, बोटानं दाबायचं नाही. लांबच्या खोक्यात किलकिले डोळे, खाली पालापाचोळ्याचा बिछाना. त्याहून थोडं उघडलेलं फळ जवळच्या बाजाराला, म्हणजे परतवाड्याला, त्याच चिखलदऱ्याच्या वाटेनं, पण आता उजेडात, टेम्पोत. आणि ज्याचे डोळे टक्क उघडलेत, जे हातात घेताच दुभंगतं, ते बाजूच्या टोपल्यात. त्या टोपल्याभोवती पोरं आधीच बसलेली असतात.